उद्योजकाची पार्श्वभूमी कशी तपासावी? परस्परविरोधी माहिती आणि सत्यम प्रकरणाचे धडे

एखाद्या उद्योजकाचे नाव इंटरनेटवर शोधले की पुष्कळदा एकाच नावाची दोन माणसे समोर येतात. एक शून्यातून उभा राहिलेला, पुरस्कार घेणारा, शेकडो हातांना काम देणारा. दुसरा लोकांचे पैसे अडकवणारा, न्यायालयाच्या पायऱ्या चढणारा. दोन्ही बाजूंना बातम्या आहेत, फोटो आहेत, व्हिडिओ आहेत. अशा वेळी बहुतेक जण आपल्या मनाला पटेल ती बाजू धरतात आणि दुसरी सोडून देतात.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत रोज येतो. मंडळाला जयंतीच्या कार्यक्रमासाठी प्रमुख पाहुणा हवा असतो. पदवी घेतलेला तरुण नव्या कंपनीत रुजू होणार असतो. निवृत्त झालेल्या वडिलांच्या पीएफच्या रकमेवर कोणीतरी महिना तीन टक्के देऊ करतो. चुकीच्या माणसावर विश्वास टाकला तर घरातली आयुष्यभराची बचत जाते. उलट, ऐकीव आरोपावरून प्रामाणिक माणसाला बदनाम केले तर पहिल्या पिढीत कसाबसा उभा राहिलेला धंदा बसतो. त्याच्यामागे ना वडिलोपार्जित भांडवल असते, ना सावरायला उभी राहणारी नातलगांची फळी. म्हणून दोन्ही चुका टाळायला हव्यात.

त्यासाठी एका गाजलेल्या प्रकरणाची माहिती घेऊ आणि मग प्रत्यक्ष तपासणीची पद्धत पाहू.

सत्यम : एकाच माणसाची दोन चित्रे

बी. रामलिंग राजू यांनी १९८७ मध्ये हैदराबादमध्ये सत्यम कॉम्प्युटर्स ही कंपनी सुरू केली. पुढच्या वीस वर्षांत ती देशातील पहिल्या काही सॉफ्टवेअर कंपन्यांत गणली जाऊ लागली. २००१ मध्ये तिची नोंदणी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात झाली. २००८ पर्यंत सुमारे ५३ हजार कर्मचारी असल्याचे कंपनी सांगत होती. राजूंना २००७ चा अर्न्स्ट अँड यंगचा 'वर्षातील उद्योजक' पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभारासाठी 'गोल्डन पीकॉक' हा जागतिक पुरस्कार देण्यात आला. संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते. हिशेब तपासणारी संस्था प्राइस वॉटरहाऊस होती.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत सगळे कोसळले. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने 'मेटास' नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलर्सना घेण्याचे जाहीर केले. या कंपन्या राजू कुटुंबाच्याच होत्या. 'सत्यम' हे नाव इंग्रजीत उलटे लिहिले की 'मेटास' होते. गुंतवणूकदार भडकले आणि काही तासांतच व्यवहार मागे घेण्यात आला. त्याच महिन्यात जागतिक बँकेने सत्यमवर आठ वर्षांची बंदी घातल्याचे उघड झाले. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची रोकड व बँक शिल्लक दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत २,७०० कोटींचे उत्पन्न दाखवले होते. पत्रानुसार खरे उत्पन्न २,११२ कोटी होते. त्या दिवशी शेअरचा भाव सुमारे ७८ टक्क्यांनी पडला.

आता दुसरी बाजू. राजू कुटुंबाच्या पुढाकारातून २००५ मध्ये हैदराबादमध्ये '१०८' ही आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा सुरू झाली होती. ती पुढे अनेक राज्यांत गेली. २००९ नंतर दुसऱ्या उद्योगसमूहाने तिची जबाबदारी घेतली आणि सेवा चालू राहिली. महाराष्ट्रातही हाच क्रमांक आहे, मात्र इथली सेवा वेगळी व्यवस्था चालवते. रुग्णवाहिका खऱ्या होत्या, ताळेबंद खोटा होता. एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही.

पहिला धडा : माणसाचा निकाल देऊ नका, दावे वेगळे करा

'तो चांगला की वाईट?' या प्रश्नाला तपासून देता येईल असे उत्तर नसते. 'कंपनीकडे किती रोकड आहे?', 'किती कामगार आहेत?', 'त्याच्यावर कोणता खटला आहे आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे?' या प्रश्नांना असते.

वहीत सरळ दोन रकाने करा. डावीकडे प्रत्येक दावा एका वाक्यात लिहा. उजवीकडे तो कोणी केला, कधी केला आणि त्या व्यक्तीला ते कुठून कळले हे लिहा. सत्यमबाबत अशी यादी केली तर '१०८ सेवा सुरू केली' हा दावा खरा ठरतो, 'खात्यात ५,३६१ कोटी आहेत' हा खोटा. एका दाव्याचा खरेपणा दुसऱ्याला उसना देता येत नाही. समाजकार्य करणाऱ्या माणसाचा धंदाही चोख असेलच, असे गृहीत धरणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

दुसरा धडा : बातम्या दहा, उगम एक

दहा ठिकाणी एकच गोष्ट वाचली की ती खरी वाटू लागते. पण त्या दहाही जागांनी एकाच प्रसिद्धीपत्रकावरून मजकूर घेतला असेल, तर पुरावा एकच आहे. सत्यमबाबत पुरस्कार देणारे, बातमी लिहिणारे आणि गुंतवणुकीचा सल्ला देणारे बहुतेक सगळे कंपनीच्याच आकड्यांवर विसंबले होते. नामवंत संचालकांसमोरही तेच आकडे ठेवले जात होते.

अगदी हिशेब तपासनीसांच्या बाबतीतही हेच घडले. बनावट बँक पत्रके आणि मुदत ठेवींच्या खोट्या पावत्या कंपनीकडून दाखवल्या गेल्या. बँकेकडून थेट, स्वतंत्रपणे खात्री करून घेण्याचे काम नीट झाले नाही. हजारो खोटी बिले हिशेबात चढवलेली होती. म्हणून कागद आहे एवढ्याने भागत नाही. तो कागद कोणाच्या हातून आला, हे पाहावे लागते. बँकेचा दाखला कंपनीने आणून दाखवला तर तो कंपनीचाच दावा आहे. बँकेने स्वतः कळवला तर तो बँकेचा दाखला.

हाच नियम विरोधी माहितीलाही लागू आहे. एकाच तक्रारदाराची पोस्ट पन्नास गटांत फिरली तरी तक्रारदार एकच असतो.

तिसरा धडा : बोलण्याच्या विरुद्ध जाणारी कृती पाहा

उद्योजक स्वतःच्या पैशाचे काय करतो, हे त्याच्या भाषणापेक्षा जास्त सांगून जाते. २००१ मध्ये सत्यममध्ये प्रवर्तकांचा, म्हणजे राजू कुटुंबाचा, हिस्सा सुमारे एक चतुर्थांश होता. २००८ पर्यंत तो नऊ टक्क्यांच्या आत आला होता. कंपनी भरभराटीत असल्याचे सांगणाराच आपला हिस्सा कमी करत होता, आणि ही माहिती गुप्त नव्हती. शेअर विकणे हा गुन्हा नाही, त्याला घरगुती कारणेही असू शकतात. पण तिथे प्रश्न विचारायला जागा होती.

प्रवर्तकांचे शेअर गहाण ठेवले आहेत की नाही, हे मात्र तेव्हा सामान्य गुंतवणूकदाराला समजण्याची सक्तीची व्यवस्था नव्हती. या प्रकरणानंतर २००९ मध्ये सेबीने ते जाहीर करणे बंधनकारक केले. आज नोंदणीकृत कंपनीबाबत ही माहिती शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर मिळते.

चौथा धडा : पडल्यावर येणारी माहितीही तपासा

माणूस वर असताना त्याच्याबद्दल खोटे चांगले पसरते, तसे तो पडल्यावर खोटे वाईटही पसरते. जानेवारी २००९ मध्ये सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितले की, सत्यमचे प्रत्यक्ष कर्मचारी ४० हजारच आहेत आणि १३ हजार नावे बोगस आहेत. देशभर मथळे झाले. पुढे या दाव्यावर वाद झाला, कंपनीच्या बाजूने तो नाकारण्यात आला. तरीही '१३ हजार बोगस कर्मचारी' हे वाक्य आजही सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे लिहिले जाते. वकिलाचे विधान हे एका बाजूचे म्हणणे असते, निकाल नसतो.

राजूंच्या कबुलीपत्रालाही हाच नियम लावावा लागतो. आपण कंपनीतून एक रुपयाही घेतला नाही, असे त्यांनी त्यात म्हटले होते. सेबीने मात्र नंतर शेअर व्यवहारांतून बेकायदा लाभ झाल्याचे ठरवून वसुलीचे आदेश काढले. कबुली दिली म्हणून कबुलीतले प्रत्येक वाक्य खरे ठरत नाही.

पाचवा धडा : तारीख पाहिल्याशिवाय आकडा वापरू नका

सेबीने जुलै २०१४ मध्ये राजू व इतरांवर १४ वर्षांची बाजारबंदी घातली आणि १,८४९ कोटी रुपये व्याजासह भरण्यास सांगितले. अपिलानंतर हिशेब पुन्हा झाला. २०१८ च्या आदेशात आकडा ८१३ कोटी झाला, २०२३ च्या आदेशात सुमारे ६२४ कोटी. तीन वेगवेगळ्या वर्षांच्या बातम्या शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींना खोटे पाडतात असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक बातमी आपापल्या तारखेला बरोबर आहे. आदेश कोणकोणाला लागू होता, हेही दर वेळी पाहावे लागते.

प्राइस वॉटरहाऊसचेही तसेच. २०१८ मध्ये सेबीने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. २०१९ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती रद्द केली. पहिली बातमी वाचून थांबलेला माणूस अर्धवट माहितीवर बोलत राहतो.

कोर्टाचे शब्द नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तक्रार अर्ज म्हणजे एकाचे म्हणणे. एफआयआर म्हणजे पोलिसांनी नोंदवलेली दखलपात्र गुन्ह्याची माहिती. आरोपपत्र म्हणजे तपासानंतरचे पोलिसांचे मत. दोषी ठरणे ही पुढची पायरी आहे आणि ती फक्त न्यायालयाची. जामीन मिळणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे. शिक्षेला स्थगिती मिळणे म्हणजे दोषसिद्धी रद्द होणे नव्हे.

९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. पुढच्याच महिन्यात सत्र न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. 'राजूंना शिक्षा झाली' आणि 'राजू बाहेर आले' ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. फक्त एकच सांगणारा ऐकणाऱ्याची दिशाभूल करतो.

धंदा बुडणे आणि फसवणूक करणे यांतही फरक आहे. तोटा, कर्ज थकणे, कंपनी बंद होणे, दिवाळखोरीची प्रक्रिया हे प्रामाणिक माणसाच्याही वाट्याला येते. 'विलफुल डिफॉल्टर' म्हणजे ऐपत असूनही जाणूनबुजून कर्ज न फेडणारा. हा वेगळा शिक्का आहे आणि तो ठरावीक प्रक्रियेनंतरच लागतो.

प्रत्यक्ष कुठे शोधायचे?

समजा, एखादा उद्योजक सांगतो की, माझी कंपनी पंधरा वर्षे जुनी आहे, भांडवल दहा कोटींचे आहे, पाचशे कामगार आहेत आणि सरकारची मान्यता आहे. मोबाईलवरून एका संध्याकाळी एवढे तपासता येते.

• कंपनी किती जुनी? केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्थापनेची तारीख, पत्ता, सध्याची स्थिती, संचालकांची नावे आणि शेवटचा ताळेबंद कधी सादर केला हे दिसते. थोडे शुल्क भरून ताळेबंदही मिळतो. एकल मालकीचा धंदा किंवा साधी भागीदारी तिथे सापडणार नाही. त्यावरून ती बनावट ठरत नाही.

• भांडवल किती? अधिकृत भांडवल आणि भरणा झालेले भांडवल यांत फरक असतो. अधिकृत दहा कोटी आणि प्रत्यक्ष भरलेले एक लाख, असेही कायद्याने चालते. फलकावर अर्थातच मोठा आकडा येतो.

• कर्ज आहे का? त्याच संकेतस्थळावर कंपनीच्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे याची नोंद असते. मोठ्या थकबाकीदारांपैकी ज्यांच्यावर बँकांनी दावे लावले आहेत, त्यांच्या याद्या सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या जाहीर करतात.

• कामगार किती? ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकले की कोणत्या महिन्यात किती कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरला ते दिसते. पाचशेचा दावा आणि चाळीस जणांचा भरणा असेल तर विचारा. कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या खात्यावर असू शकतात, तेही लक्षात ठेवा. नोकरीला लागणाऱ्या तरुणांनी हे एक तरी नक्की पाहावे.

• सरकारची मान्यता कसली? उद्यम नोंदणी ही उद्योजकाने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. स्टार्टअप म्हणून नोंद होणे म्हणजे सरकारने नफ्याची हमी देणे नव्हे. जीएसटी क्रमांकावरून नोंदणी चालू आहे की रद्द झाली, एवढे कळते.

• पैसे स्वीकारण्याची परवानगी आहे का? ठेवी घेणाऱ्यांची माहिती आणि तक्रारीची सोय रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर आहे. गुंतवणूक सल्लागार, म्युच्युअल फंड, दलाल यांच्या याद्या सेबीकडे असतात. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे. इथे परवानगी नसेल तर बाकीची चौकशी करत बसू नका, पैसे देऊ नका.

• बांधकाम व्यावसायिक असेल तर? महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, पूर्ण करण्याची मुदत आणि तक्रारींवरचे आदेश दिसतात.

• खटले? ई-कोर्ट्सवर नावाने शोधता येते. सेबीचे आदेश आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचे आदेश त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. एकाच नावाची अनेक माणसे असतात. वडिलांचे नाव, गाव, कंपनी आणि संचालक ओळख क्रमांक जुळल्याशिवाय 'हाच तो' म्हणू नका.

तरीही मेळ बसला नाही तर?

कागद पाहूनही माहिती परस्परविरोधी राहू शकते. अशा वेळी आधी दोन्ही बाजू एकाच काळाबद्दल आणि एकाच कंपनीबद्दल बोलत आहेत का ते पाहा. अर्धी भांडणे इथेच मिटतात. मग कोणाचा काय फायदा आहे ते पाहा: स्पर्धक, भागीदारीतून बाहेर पडलेला, जाहिरात घेणारे वर्तमानपत्र, कमिशनवर काम करणारा एजंट. फायदा आहे म्हणून कोणी खोटेच बोलतो असे नाही, पण त्याच्या दाव्याला दुसरा आधार लागतो.

त्यानंतर उद्योजकाला लेखी आणि नेमका प्रश्न विचारा. 'तुमच्याबद्दल वाईट ऐकले' असे म्हणू नका. 'कागदावर चाळीस कामगार दिसतात, तुम्ही पाचशे म्हणता, फरक कशाचा?' असे विचारा. खऱ्या धंदेवाल्याला आपल्या हिशेबाचा प्रश्न सहसा अपमानाचा वाटत नाही. आकड्याच्या प्रश्नाला कोणी समाजाच्या, निष्ठेच्या किंवा बदनामीच्या कटाच्या भाषेत उत्तर देऊ लागला, तर ते उत्तर नाही अशी नोंद करा.

शेवटी धोक्याच्या मानाने खात्री मागा. भाषणाला बोलावण्यासाठी लागणारी खात्री वेगळी, नोकरीसाठी वेगळी आणि घरची बचत सोपवण्यासाठी फार वेगळी. शंका फिटली नसेल तर पाहुण्याला बोलावता येईल, पण त्याच्या योजनेचे अर्ज मंडळाच्या मंचावरून वाटू नयेत. वर्गणीच्या पैशावर उभ्या असलेल्या मंचाचा विश्वास कोणालाही उसना देऊ नये.

लिहिताना, बोलताना, फॉरवर्ड करताना

कार्यकर्त्याच्या शब्दाला वस्तीत वजन असते. म्हणून जेवढे कागदावर आहे तेवढेच बोलावे. गुन्हा दाखल असेल तर 'गुन्हा दाखल आहे' म्हणा, 'चोर' म्हणू नका. अपील चालू असेल तर तेही त्याच वाक्यात सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे, आणि फॉरवर्ड करणाराही त्यात ओढला जाऊ शकतो. दुसरीकडे, पुरावा हातात असताना 'आपलाच माणूस आहे, कशाला उघडे करा' म्हणून गप्प बसणे हे ज्यांचे पैसे बुडणार आहेत त्यांच्याशी बेइमानी आहे. तेही आपलेच आहेत.

सत्यमचे पुढे काय झाले, हेही माहीत असावे. सरकारने नवे संचालक मंडळ नेमले. एप्रिल २००९ मध्ये लिलावातून पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये ती त्यात विलीन झाली. हजारो अभियंत्यांचे काम खरे होते, म्हणून कंपनी वाचली. शेअरमध्ये बचत घातलेल्या अनेकांचे पैसे मात्र बुडाले. आपल्या वस्तीतल्या ठेव योजनेच्या मागे असे काम करणारे हजारो हात नसतात. तिथे एकदा गेलेली रक्कम बहुधा परत येत नाही, म्हणून चौकशी सही करण्याआधी व्हायला हवी.